विंडोज १० संपली, तेव्हा वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरचं आम्ही काय केलं

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. ‘क’ वर्गाचं वाचनालय, पुस्तकं साडेचार हजारांच्या आसपास, आणि कॉम्प्युटर एकच. तो २०१४ साली असेंबल करून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. त्याच्यावरची विंडोज १० काढून आम्ही लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच, पण मोफत संगणक प्रणाली टाकली, ती हकिगत इथे सविस्तर लिहिते. आजूबाजूच्या ग्रंथपालांचे फोन अजून येतायत आणि फोनवर सांगताना दर वेळी मधलं काहीतरी राहून जातं.

गणपती झाले, वाचनालय पुन्हा रोजच्या वेळेला उघडायला लागलं, आणि स्क्रीनवर ती सूचना सारखी यायला लागली : १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, “म्हणजे १५ तारखेला हा सुरूच होणार नाही का गं?”

सुरू होणार होता. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. नव्याने सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे अपडेट यायचे थांबतात, एवढंच. घरी एकट्याने पत्ते खेळायला ठेवलेला कॉम्प्युटर असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण आमच्याकडे अभ्यासिकेतली मुलं याच मशीनवर परीक्षांचे अर्ज भरतात. आधार, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन होऊन इथून जातं, आणि रोज कोणाचा ना कोणाचा पेन ड्राइव्ह लागतो. अशा मशीनला अपडेट नसणं मला पटेना.

विंडोज ११ चालेल का, हे तपासायला मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. ते टाकलं आणि नकार आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. ही अट चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, बाजारात टाकून देणारेही आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग ज्यासाठी हे सगळं करायचं, तेच हातात राहत नाही.

दुसरा मार्ग ईएसयूचा, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याचा. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी तीस डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप सुरू करा. ज्यांच्याकडे खरी, परवान्याची विंडोज आहे आणि टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामसारखं फक्त विंडोजवर चालणारं काम आहे, त्यांनी आधी हाच मार्ग पाहावा. उगाच लिनक्सच्या मागे लागू नये. आमची अडचण अशी की स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ हे पुसट अक्षर वर्षानुवर्षं होतं. असेंबल करणाऱ्याने विंडोज टाकून दिलेली, परवान्याचा कागद कपाटात कुठेच नाही. अनुदान घेणाऱ्या संस्थेत हे असं चालू ठेवणं सरांना आधीच खटकत होतं.

नवीन कॉम्प्युटरचं पहिलं दरपत्रक चौतीस हजारांचं आलं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि त्यातून पुस्तकं, नियतकालिकं, पगार भागवायचे. तो कागद सरांनी बघितला आणि घडी घालून फाईलमध्ये ठेवला.

लिनक्स सुचवलं ते शेजारच्या वहिनींच्या मुलाने. तो इंजिनिअरिंगला आहे, गणपतीला आला होता. त्याने एवढंच सांगितलं, “काकी, आधी या मशीनवर तुमचं काय काय आहे त्याची यादी करा. सिस्टिम टाकायला अर्धा तास लागतो, बाकीचं सगळं यादीवर आहे.” हे त्याचं म्हणणं पुढे शब्दशः खरं ठरलं. तुम्ही यातलं दुसरं काही केलं नाहीत तरी ही यादी करा.

मी एक वही घेतली आणि आठवडाभर, कॉम्प्युटरवर जे जे उघडलं ते लिहीत गेले. नुसतं बसून आठवायला गेलात तर निम्मं सुटतं. ग्रंथांची यादी एक्सेलमध्ये. सभासदांची यादी, फोन नंबरांसकट. वर्गणीच्या पावत्यांचा नमुना. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या वार्षिक अहवालाच्या मागच्या वर्षांच्या प्रती. सभांची इतिवृत्तं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ज्यातले दोन-तीन कोणाच्याच लक्षात नव्हते. मुलांचे फोटो पन्नास केबीच्या आत बसवायला लागणारा प्रोग्राम. प्रिंटर. स्कॅनर. आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरात : मराठी फॉन्ट.

हा शेवटचा मुद्दा ज्या वाचनालयात, पतसंस्थेत किंवा शाळेत २०१० च्या आधीपासून कॉम्प्युटर आहे तिथे हमखास निघणार. त्याच्यावर पुढे बरंच लिहायचंय.

१४ सप्टेंबरला रविवारी कार्यकारी मंडळाची सभा झाली. खजिनदारकाकांचा पहिला प्रश्न, “फुकट मेळता ता टिकता काय गो?” मी सांगितलं, मिंटची २२ वी आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यावर ते म्हणाले, “चार वर्सा? मगे बरा.” पुढची हरकत पितृपक्षाची. पक्ष पंधरवड्यात खरेदी नको, असं दोघांनी सुचवलं. २२ तारखेला घटस्थापना होती, म्हणून ठराव आत्ता आणि खरेदी घट बसल्यावर, असं ठरलं. यात आमचं काही बिघडलं नाही, उलट दरपत्रकं मागवायला वेळ मिळाला.

ठरावाचे शब्द नीट लिहून घ्या, हा माझा आग्रह आहे. आमच्या ठरावात तीन गोष्टी आहेत. सध्याच्या संगणकाची दुरुस्ती व क्षमतावाढ करावी, खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये. त्यावर मोफत व मुक्त परवान्याची संगणक प्रणाली बसवावी. आणि जुनी हार्ड डिस्क लेखापरीक्षण होईपर्यंत संस्थेच्या ताब्यात जपून ठेवावी. खाली सूचक-अनुमोदक. ‘मोफत’ हा शब्द ठरावात असल्याचा उपयोग पुढे झाला.

खरेदी कुडाळला केली. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, १,६५० रुपये. चार जीबीची डीडीआर-३ रॅम ६००, ती वापरलेली, कारण नवी आता सहज मिळत नाही. बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह ३८०. एसएसडी बसवायची पट्टी १००, साटा केबल ८०. मदरबोर्डवरचा चपटा सेल ४०. यूपीएसची बॅटरी ९५०. एकूण ३,८०० रुपये, एसटीचं भाडं वेगळं. जुन्या रॅमचं पक्कं बिल मिळेना. दुकानदाराने हाताने पावती लिहून दिली, शिक्का मारला, आणि ती मी व्हाउचरला जोडली. रक्कम पाच हजारांच्या आत असल्याने रेव्हेन्यू स्टॅम्पचा प्रश्न आला नाही. रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी काढून बरोबर न्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, दुकानदार हातात घेतल्या घेतल्या सांगतो.

कॅबिनेट उघडलं ते वाचनालयाच्या मागच्या पडवीत. समुद्र आमच्यापासून जवळ, त्यामुळे आत काय असणार याचा थोडा अंदाज होता. पंख्याच्या पात्यांवर तांबड्या मातीचा थर बसलेला. पॉवर सप्लायच्या मागे पालीची दोन अंडी, रिकामी. मागच्या बाजूचे स्क्रू गंजून इतके घट्ट झालेले की एकाला नारळाचं तेल लावून थांबावं लागलं. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर झाक होती. ती पेन्सिलच्या खोडरबराने हळूहळू घासली, चुरा ब्रशने झाडला, आणि पट्टी परत बसवली. खाऱ्या हवेत मशीन कधी मधूनच चालू होत नाही, नुसतं ‘बीप बीप’ करतं, त्याचं कारण पुष्कळदा या पट्ट्यांवरच असतं. हे काम करताना प्लग काढा, बटण दाबून उरलेली वीज उतरू द्या, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

तो चपटा सेल बदलल्यावर एक जुनं कोडं सुटलं. आमच्या मशीनचं घड्याळ रोज मागे जायचं. तारीख चुकली की बँकेच्या किंवा सरकारी साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडतात, कारण ब्राउझर साइटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीनच्या तारखेशी ताडून बघतो. मुलं रोज तारीख हाताने लावून अर्ज भरत होती. चाळीस रुपयांचा सेल!

मग डाउनलोड. मिंटच्या तीन तऱ्हा आहेत : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. एक्सएफसीई सगळ्यांत हलकी, म्हणून ती घेतली. ४ सप्टेंबरला २२.२ ही आवृत्ती आली होती, तीच. फाईल तीन जीबीच्या जरा आत. नेट मध्येच जात होतं म्हणून रात्री लावून ठेवली. फाईल पूर्ण आली की तिची खूण तपासायला विसरू नका. मिंटच्या साइटवर प्रत्येक फाईलचा एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो, शा-२५६ म्हणतात. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या फाईलचा संकेतांक काढता येतो. दोन्ही जुळले तरच पुढे. तुटक नेटवर आलेल्या फाईलने इन्स्टॉल अर्ध्यात अडकण्यापेक्षा ही पाच मिनिटं परवडली. फाईल पेन ड्राइव्हवर चढवायला रूफस किंवा बालेना एचर यांपैकी काहीही चालतं. पेन ड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं.

आता सगळ्यांत दिलासा देणारा भाग. पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहता येतं, डिस्कवर काहीही न टाकता. मशीन चालू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं. कोणाकडे एफ-१२, कोणाकडे एफ-११ किंवा एफ-८. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो निवडायचा. समोर डेस्कटॉप येतो आणि तुम्ही वही काढून एकेक गोष्ट तपासू शकता. आवाज येतो का? स्कॅनर ओळखला का? नेट लागलं का? मुलांनी ज्या साइटवर अर्ज भरायचे त्या उघडतात का? मी दोन दिवस वाचनालयाचं काम याच अवस्थेत केलं. पेन ड्राइव्हवरून सगळं संथ चालतं, आणि बंद केलं की काही साठून राहत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. ज्यांना लिनक्सची धास्ती आहे त्यांनी इथपर्यंत तरी यावंच. पसंत पडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, आपली विंडोज जागच्या जागी आहे.

२ ऑक्टोबरला दसरा होता. कॅबिनेटला झेंडूची माळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी इन्स्टॉल करायचं म्हणून सगळं मांडून ठेवलं. दुपारपासून परतीचा पाऊस लागला. इकडे या दिवसांत संध्याकाळी विजा किती होतात ते कोकणातल्यांना सांगायला नको. शिपायाने माझ्या आधी जाऊन प्लग काढला, आणि नेटची केबलही. तीही काढायची असते, हे तो दोन राउटर जळल्यावर शिकलाय. दोन दिवस लाईट ये-जा करत होती. वीज अशी असताना इन्स्टॉल सुरू करू नये, म्हणून आम्ही थांबलो. नवी बॅटरी घातलेला यूपीएस होता, तरी थांबलो. वीस मिनिटांच्या बॅटरीवर अर्ध्या तासाचं काम कोण सुरू करील?

आकाश निवळल्यावर सकाळी बसलो. पहिलं काम, जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली. मशीनला फक्त नवी, कोरी एसएसडी जोडलेली. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय समोर येतो आणि कोणाच्याही पोटात गोळा येतो. जुनी डिस्क जोडलेलीच नसेल तर काही चुकीचं पुसलं जायची भीती नाही. त्याआधी विंडोज शेवटची बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन केली होती. तसं न केल्यास विंडोज अर्धवट झोपेत राहते आणि नंतर लिनक्समधून ती डिस्क उघडायला कुरकुर होते.

इन्स्टॉलबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेकवर टिक, वेळेसाठी कोलकाता, नाव, पासवर्ड. चहा येऊन संपेपर्यंत झालं. पासवर्ड मात्र वहीत लिहून वही सरांच्या कपाटात ठेवली. संस्थेच्या मशीनचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असू नये.

मशीन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा सर घड्याळ लावून बसले होते. पूर्वी बटण दाबून आम्ही वर्तमानपत्रं लावून यायचो, तोवर सुरू होत असे. आता मिनिटाच्या आत डेस्कटॉप. यातलं बरंचसं श्रेय एसएसडीचं आहे, लिनक्सचं नाही. विंडोज ठेवून नुसती एसएसडी घातली असती तरी फरक पडला असता, तेव्हा कोणी ‘लिनक्सने कॉम्प्युटर पळायला लागला’ म्हटलं तर निम्मंच खरं धरा.

प्रिंटरने अर्धा दिवस खाल्ला. आमचा लेझर प्रिंटर जुना आहे. त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, साठत नाही, दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरकडून जावं लागतं. मिंटने प्रिंटर ओळखला, यादीत नाव आलं, छापायला दिल्यावर ‘छापून झालं’ असंही म्हणालं, आणि कागद जागेवरच. कंपनीचं एक जास्तीचं प्लगइन टाकावं लागतं, ते टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहून नेटवरून उतरतं. वहिनींच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर ती ओळ सांगितली. नंतर तक्रार नाही. तुमच्या प्रिंटरचं मॉडेल आणि ‘लिनक्स’ असं आधी शोधून बघा. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर धड ड्रायव्हरच नाही, आणि ते इन्स्टॉल झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.

आता फॉन्ट.

आमची ग्रंथयादी माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी सुरू केली, युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखीच वाचता येणारी अक्षरं साठवायची पद्धत, इकडे रुळण्याआधी. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षर दिसायला मराठी, पण आत साठलेलं असतं ते इंग्रजी कीबोर्डवरचं चिन्ह. फॉन्ट त्या चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र दाखवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की सगळीकडे इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि टोप्या घातलेले स्वर. मिंटमध्ये यादी पहिल्यांदा उघडल्यावर नेमकं तेच दिसलं. शिपाई मागे उभा होता, तो म्हणाला, “गेला सगळा!”

गेलं काहीच नव्हतं. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते जुने फॉन्ट मिंटच्या फॉन्ट फोल्डरमध्ये आणले आणि यादी वाचता यायला लागली. बरेच जण इथेच थांबतात, आणि थांबायचं असेल तर एक काळजी घ्या. लिबरऑफिस या मिंटमधल्या वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्राममधलं ऑटोकरेक्ट बंद करा. ते वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर आपणहून मोठं करतं. जुन्या फॉन्टमध्ये लहान आणि मोठ्या अक्षराच्या जागी वेगवेगळी मराठी अक्षरं असतात, त्यामुळे तुमच्या शब्दाचं पहिलं अक्षर डोळ्यांदेखत बदलतं.

आम्ही मात्र यादी युनिकोडमध्ये न्यायचं ठरवलं. कारण साधं आहे. जुन्या यादीत शोध लागत नव्हता आणि अकारविल्हे लावता येत नव्हती. कॉम्प्युटर आतल्या इंग्रजी चिन्हांच्या क्रमाने लावतो, त्यामुळे ‘म’ची पुस्तकं ‘ब’च्या आधी आणि ‘अ’ कुठेतरी मध्येच. आम्ही वर्षानुवर्षं पुस्तक सापडवायला दाखल नोंदवहीच चाळत होतो.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मोफत मिळतात, पण प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी निराळी, आणि आमच्या यादीत दोन फॉन्ट निघाले. आधीच्या ग्रंथपालांचा एक, माझ्या वेळचा दुसरा. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या कन्व्हर्टरमध्ये घातला की जे बाहेर पडतं ते कुठल्याच भाषेत नसतं. म्हणून फॉन्टप्रमाणे यादीचे दोन भाग केले, आणि थोड्या थोड्या ओळी घेऊन बदलत गेलो.

दाखल क्रमांक, किंमत, वर्ष हे आकड्यांचे रकाने कन्व्हर्टरमध्ये घालू नका. ते आत आधीपासून खरे आकडेच आहेत, फक्त मराठी वळणाचे दिसतात. नुसता फॉन्ट बदला, किमतींची बेरीज शाबूत राहते. कन्व्हर्टरमधून गेले की ते अक्षरं होऊन बसण्याचा धोका.

बदललेल्या ओळी डोळ्यांनी वाचाव्याच लागतात. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. जिथे मध्ये चुकून स्पेस पडली होती तिथे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. ‘कार्य’चं ‘कायर्’ झालं. आणि एक चूक अशी, जी वाचून सापडतच नाही. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द यादीत दिसत होता, पण शोधला की सापडत नव्हता. त्यातला ‘ऱ्या’ दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. दिसायला सारखा, आतून निराळा. ‘ॲ’चंही तसंच, एक अखंड अक्षर आणि एक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन केलेलं. ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच पद्धत ठेवली, तेव्हा कुठे शोध भरवशाचा झाला. हे काम दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासिकेतल्या दोन मुलींनी आणि सरांनी मिळून केलं. सर मूळ नोंदवहीतून मोठ्याने वाचायचे, मुली स्क्रीनवर ताडून बघायच्या. शाळेतली शुद्धलेखनाची तासिका पुन्हा भरल्यासारखी झाली होती. चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घावर सरांनी आधीच्या ग्रंथपालांनाही सोडलं नाही.

टायपिंगचा प्रश्न माझा स्वतःचा. मी टाइपरायटरच्या मांडणीवर शिकलेली, बोटं तशीच वळायची. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही मांडणी मिळते, सरकारी कामातही तेच धरतात, म्हणून तेच घेतलं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. बटणांवर अक्षरांचे चिकट तुकडे लावले. पहिले काही आठवडे वेग इतका मंद होता की सभेचं इतिवृत्त मी हाताने लिहून मग घरी टाइप केलं. आता बरं चाललंय, पूर्वीइतकं अजून नाही.

मुलांना काहीच जड गेलं नाही. ब्राउझर तोच, फोटो लहान करायचा प्रोग्राम दुसरा, बस्स. एकाने आठवड्याभराने विचारलं, “मॅडम, विंडोज ११ टाकलीत ना?”

लेखापरीक्षणाच्या आधी कागद लावताना सनदी लेखापालांच्या कार्यालयातून विचारणा आली. एसएसडीचं बिल आहे, रॅमची पावती आहे, संगणक प्रणालीचं बिल कुठे? मी ठरावाची प्रत दिली आणि मिंटच्या परवान्याचं पान छापून जोडलं. तेवढ्यावर मिटलं. जडसंग्रह नोंदवहीत कॉम्प्युटरची जुनी नोंद तशीच ठेवून शेऱ्याच्या रकान्यात एसएसडी व रॅम बसवल्याची तारीख, व्हाउचर क्रमांक आणि ठराव क्रमांक लिहिला. नवीन नोंद केली नाही, कारण वस्तू नवी नाही.

जुनी हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात आहे. तिच्यावर सभासदांचे फोन नंबर आणि मुलांनी वेळोवेळी स्कॅन केलेले आधारचे कागद आहेत. लेखापरीक्षण झाल्यावर ती पूर्ण पुसून मगच निर्लेखनाचा ठराव मांडायचाय. तोवर कोणी भंगारवाला “जुना कायय आसा काय?” विचारत आला तर तिच्याकडे बोट दाखवायचं नाही, असं शिपायाला सांगून ठेवलंय.